सहीचा भार

गोंदिया शहराच्या ईशान्येस, कामठा गावाच्या बाजूला, बिरसी नावाचे एक लहान खेडे आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर १९४० साली इंग्रज सरकारने आपल्या हवाई दलासाठी येथे एक विमानतळ बांधला. गोंदिया त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे; १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. धानाच्या बांध्या, मालगुजारी अमदानीतील तलाव, तेंदूची पाने, बिडीचे कारखाने, भाताच्या गिरण्या आणि बंगाल-नागपूर रेल्वेचे गजबजलेले जंक्शन, एवढ्यात ज्या मुलखाचे वर्णन संपावे, तेथे ही एक सरळ, सपाट आणि कोणत्याही गावाला न जाणारी वाट येऊन पडली.

युद्धाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात वैमानिकास मानाचे पान मिळते, आणि ते योग्यच आहे. हृषीकेश मुळगावकरांसारखा मुंबईचा तरुण १९४० मध्ये हवाई दलात शिरतो, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढतो आणि १९७६ मध्ये त्याच दलाचा प्रमुख होतो, ही हकीगत कोणाही मराठी वाचकाचे मन वेधून घेईल. परंतु आकाशातल्या एका माणसामागे जमिनीवर कितीतरी माणसे राबलेली असतात. त्यांची नावे कोणी विचारीत नाही. त्यांच्या हातून कोणी मेला असे त्यांना कधी दिसत नाही, आणि आपल्या हातून कोणी मेलाच नाही असेही त्यांना शपथेवर सांगता येत नाही. अशा एका तरुणाच्या दिनचर्येकडे पाहावे आणि तिच्यातून जो नैतिक प्रश्न उभा राहतो तो शक्य तितका स्वच्छ मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिंदी हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पुढील वर्षाच्या १ एप्रिलला कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्यापाशी वापिटी जातीची चार विमाने होती, आणि विमानांची निगा राखणाऱ्या शिपायांना ‘हवाई सिपाही’ असे मोठे गमतीदार नाव होते. गमतीदार अशासाठी की या सिपायांचे पाय बहुधा जमिनीवरून सुटतच नसत. युद्ध आले आणि पाहता पाहता ही मूठभर माणसे हजारोंच्या घरात गेली. त्या हजारांतला एक तरुण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. वय वीस वर्षांचे, तिरोड्याकडच्या एका धानकऱ्याचा मुलगा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, यंत्राच्या कामात हात बरा. शिक्षण संपवून तो इंजिनाचा मिस्त्री झाला. त्याची नेमणूक कोठे झाली हा प्रश्न गौण आहे. तळ बिरसीसारखा मध्यप्रांतातला असो, बंगालमधला असो किंवा आसामच्या सीमेवरचा असो, दिवस बहुतेक सारखाच.

तो दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. मच्छरदाणीतून बाहेर यावे, बूट उलटे करून झटकावेत (आत विंचू नाही ना, याची खात्री वर्षानुवर्षे नोकरी केलेला शिपाईही करून घेतो), अर्ध्या अंधारात चहाचा मग भरून घ्यावा. हिवतापाच्या मुलखात मेपाक्रीनची गोळी रोज गिळावी लागते, आणि काही आठवड्यांत कातडीवर हळदीची झाक चढते. असा पोरगा रजेवर घरी गेला तर आई आधी कावीळ उतरविणाऱ्या वैदूकडे नेणार, हे उघड आहे. मग कवायत, हजेरी, आणि सूर्य वर येण्याच्या आत काम. ही घाई शिस्तीसाठी नसते. वैशाखात या बाजूला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या पत्र्यावर दुपारी तळहात टेकवत नाही, आणि हत्यार उन्हात विसरले तर ते फडक्याने धरूनच उचलावे लागते.

पहिले काम पेट्रोलच्या टाकीचे. रात्रीच्या गारव्यात टाकीत उरलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते, आणि हे चमचाभर पाणी ऐन उड्डाणाच्या क्षणी इंजिनात पोहोचले तर इंजिन बंद पडते. म्हणून रोज पहाटे तळाची तोटी उघडून ते काढून टाकावयाचे. पिंपातून पेट्रोल भरताना ते मऊ चामड्यातून गाळून घ्यावयाचे. पेट्रोलने एकदा भिजलेले चामडे पेट्रोल सोडते आणि पाणी अडवते. मग तेलाची गाळणी उघडून पाहावयाची. तीत धातूचा चुरा चकाकला तर इंजिनाच्या पोटात काही तरी झिजते आहे असे समजावे. मग ठिणगीचे प्लग, नळ्यांचे सांधे, आणि बोल्ट थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्यात ओवलेली बारीक तार. यातले एकही काम असे नाही की ज्याची कोणी वाहवा करावी. चुकले तरच ते काम होते हे जगाला कळावयाचे.

हे सर्व आटोपले म्हणजे एक कागद पुढे येतो. ब्रिटिश हवाई दलाच्या पद्धतीत त्याला ‘फॉर्म ७००’ म्हणत, आणि हिंदी दलाने ती पद्धत जशीच्या तशी उचलली होती. इंजिनाचा मिस्त्री, सांगाड्याचा मिस्त्री, विजेचा, उपकरणांचा, तोफा-बंदुकांचा, असे प्रत्येकजण आपापल्या कामापुढे सही करतो. सर्वांत शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान आपल्या ताब्यात घेतो. त्याने टाकीत वाकून पाहिलेले नसते, गाळणी उघडलेली नसते. विसाव्या वर्षीच्या एका मुलाच्या अक्षरावर विश्वास ठेवून बाविसाव्या वर्षीचा दुसरा मुलगा आकाशात जातो. व्यवहारातील दस्तऐवजांवर आपण आयुष्यभर सह्या करतो. त्यांपैकी किती सह्यांच्या पाठीमागे एवढा अर्थ असतो?

दुपार बहुधा रिकामी. युद्धातला बहुतांश काळ वाट पाहण्यात जातो, हे युद्धावरील पुस्तकांत फारसे येत नाही, कारण वाट पाहण्याचे वर्णन काय करणार? कोणी पत्ते खेळतो, कोणी बाजेवर पडून छताकडे पाहतो. कोणी घरी पत्र लिहितो. पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून जावयाचे, तेव्हा आपण कोठे आहोत, विमाने किती, गेली किती, आली किती, यातले काही लिहिता येत नाही. मग उरते ते एवढेच: मी खुशाल आहे, पऱ्हे कसे उगवले, रोवणीला माणसे मिळाली काय, बैल बरा झाला काय. ज्याचा सगळा दिवस युद्धाने व्यापला आहे त्याच्या पत्रात युद्धाचे नावही नाही, आणि याचा त्याला जाच होतो की सुटकेसारखे वाटते, हे त्याचे त्यालाही नीट सांगता यावयाचे नाही.

संध्याकाळी मात्र सर्वजण बाहेर येतात. गेलेली विमाने परत येण्याची ती वेळ. कोणी हुकूम दिलेला नसतो, तरी प्रत्येकजण मनात मोजीत असतो. आपले विमान दिसले, चाके टेकली, की मिस्त्री काही न बोलता हत्यारांची पेटी उचलतो. न दिसले तर तो तेथेच उभा राहतो. पेट्रोल किती भरले होते ते त्याला ठाऊक असते, तेव्हा किती वाजेपर्यंत आशा करावयाची तेही त्याला घड्याळावर ठाऊक असते. आणि ती वेळ टळून गेल्यावर त्याच्या मनात जो पहिला विचार येतो तो शत्रूचा नसतो. आज सकाळी ती तार मी ओवली होती ना, हा असतो.

आता प्रश्नाकडे वळू. या तरुणाने आपले काम निष्ठेने केले. या निष्ठेने त्याच्या हिशेबी काय जमा झाले, आणि काय नावे पडले?

आधी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. निष्ठेने केलेली सहीसुद्धा खोटी ठरू शकते. १९४४ च्या शरदऋतूत हिंदुस्थानात मॉस्किटो जातीची काही विमाने हवेतच मोडून पडली. हे विमान लाकडाचे. फळ्या आणि पातळ पापुद्रे सरसाने जोडून केलेले. चौकशी झाली, सर्व मॉस्किटो जमिनीवर बसवून तपासण्यात आली, आणि सांधे सुटत असल्याचे आढळले. प्रथम दोष इथल्या ऊन-पावसावर गेला, पुढे कारखान्यातील जोडणीतही दोष निघाले. ज्या मिस्त्रींनी त्या विमानांवर सह्या केल्या होत्या त्यांना पापुद्र्याच्या आतला सरस दिसणे शक्यच नव्हते. त्यांना दोष द्यावा असे कोणी म्हणणार नाही. जे दिसू शकत नव्हते त्याची जबाबदारी माणसावर नाही, हा न्याय आपण सहज मान्य करतो.

येथेच पुष्कळांचा युक्तिवाद थांबतो आणि येथेच तो फसतो. ते म्हणतात, ज्याप्रमाणे त्याला सरस दिसला नाही त्याप्रमाणे ते विमान कोठे गेले, कोणत्या गावावर काय पडले, हेही त्याला दिसले नाही. म्हणून तो दोन्हीकडून निर्दोष. परंतु या दोन न दिसण्यांत फार मोठे अंतर आहे. सरसाचे त्याला ज्ञानच होऊ शकत नव्हते. बॉम्बचे ज्ञान त्याला रोज होत होते. विमान जाताना जड जाते आणि येताना हलके येते, हे धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या आंधळ्या माणसालाही आवाजावरून कळेल. उरलेले वजन कोठे राहिले? हा प्रश्न विचारण्यास दुर्बीण लागत नाही. तो न विचारण्यास मात्र सवय लागते, आणि ती सवय दिनचर्या लावते. पहाटेची तोटी, चामडे, गाळणी, तार, सही: या क्रमात एक मोठी शांतता आहे, आणि मला असे वाटते की त्या शांततेचे आकर्षण भीतीपेक्षाही बलवत्तर असते. चांगले काम माणसाच्या मनाला इतके भरून टाकते की कामाचे प्रयोजन विचारण्यास मनात जागाच उरत नाही.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमावर एक अमेरिकन विमान केवळ हवामान पाहण्यासाठी गेले होते. त्याचा वैमानिक क्लॉड एथर्ली. आकाश पुरेसे निरभ्र आहे एवढाच निरोप त्या विमानाने मागे कळविला. बॉम्ब दुसऱ्या विमानाने सुमारे तासाभराने टाकला. पुढे एथर्लीच्या आयुष्याची दुर्दशा झाली, गुंटर आंडर्स या तत्त्वचिंतकाशी त्याने केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, आणि तो खरा पश्चात्तापी की प्रसिद्धीलोलुप यावर वाद माजला. त्या वादाचा निकाल लागो वा न लागो. आपल्या प्रश्नापुरते एवढे पुरे की ‘ढग कमी आहेत’ हे वाक्य खरे होते, निरुपद्रवी होते, कर्तव्य म्हणून उच्चारलेले होते, आणि तरीही ते एका नगराच्या मृत्यूच्या साखळीतील कडी होते.

आपल्याकडे या ठिकाणी गीतेचा आधार घेण्याची रीत आहे. फळाकडे न पाहता कर्म करावे. मिस्त्रीने तार ओवावी, पुढचे पुढच्याने पाहावे. या आधाराविषयी माझी तक्रार अशी की तो सोयीपुरता घेतला जातो. फळाची आसक्ती नको, याचा अर्थ फळाचे भान नको, असा कधीपासून झाला? ज्या मिस्त्रीला आपल्या कामाचे फळ, म्हणजे विमान सुखरूप परतणे, याचे भान नाही, तो मिस्त्री एका दिवसासाठीही कोणास चालणार नाही. त्याच्या कामाचा सगळा जीवच फळावर खिळलेल्या नजरेत आहे. मग तीच नजर परतीच्या प्रवासापुरती उघडी ठेवावयाची आणि जाण्याच्या प्रवासापुरती मिटावयाची, हे कोणत्या योगाचे लक्षण?

लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ या मताच्या मंडळींच्या हाती वारंवार दिसते, म्हणून त्याविषयीही दोन शब्द. हा ग्रंथ १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झाला. कर्म सोडू नये असे तो निक्षून सांगतो, यात शंका नाही. परंतु त्यातील दुसऱ्याच प्रकरणाचे नाव ‘कर्मजिज्ञासा’ असे आहे. कोणते कर्म करावे याविषयी विचारी माणसाला पडणाऱ्या पेचांचा ऊहापोह आधी, आणि कर्माचा उपदेश मागाहून, हा त्या ग्रंथाचा क्रम आहे. जिज्ञासा गाळून कर्म तेवढे उचलणे म्हणजे ग्रंथ मधूनच उघडणे होय. आणि पुस्तकांचेही दैव असते. ज्या मंडालेत हा ग्रंथ लिहिला गेला त्या शहरावर एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी बॉम्ब टाकले; मार्च १९४५ मध्ये किल्ल्याच्या भिंती फोडण्यासाठी दोस्तांच्या विमानांनी टाकले; आणि किल्ल्यातील सागवानी राजवाडा त्या लढाईत जळून गेला. ती विमाने ज्या तळांवरून उडाली तेथेही सकाळी कोणी तरी टाकीतले पाणी काढले असेल आणि सही केली असेल.

याच्या उलट टोकाला दुसरे मत आहे. करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा हे सर्व सारखेच भागीदार, असे आपली जुनी समजूत सांगते. त्या न्यायाने मिस्त्री आणि बॉम्ब टाकणारा यांत फरक नाही. हे मत ऐकावयास कठोर आणि म्हणूनच प्रामाणिक वाटते. पण मला ते आळशी वाटते. सर्वजण सारखेच दोषी ठरले म्हणजे कोणाचाही दोष निराळा तपासावा लागत नाही. शिवाय त्यातून व्यवहारात काय निघते? या तरुणाला आपल्या कामाविषयी शंका आली, म्हणून त्याने तार सैल ओवावी काय? पेट्रोल न गाळता भरावे काय? तसे केल्याने दूरच्या गावातला एकही जीव निश्चितपणे वाचत नाही. जवळचा मात्र, ज्याने आपल्या सहीवर विश्वास ठेवला तो, निश्चितपणे मरतो. युद्धाला नकार द्यावयाचा असेल तर तो उघडपणे, कागदावर सही नाकारून, त्याची शिक्षा भोगून द्यावा. खोटी सही हा नकार नव्हे, विश्वासघात आहे.

महाभारतातील एक प्रसंग मला या संदर्भात नेहमी आठवतो. जयद्रथवधाच्या दिवशी, सूर्य कलत असता, अर्जुनाचे घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले. भर रणात रथ थांबवून श्रीकृष्णाने त्यांना सोडले, त्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना चोळले, पाणी पाजले. अर्जुनाने बाणाने भूमी भेदून तेथे जलाशय निर्माण केला आणि तोवर पायउतार होऊन शत्रूला थोपवून धरले. ज्याने अर्जुनाला गीता सांगितली तोच येथे घोड्यांच्या पाठीवरून हात फिरवीत उभा आहे. या कामाला व्यासांनी कमी लेखले नाही. पण हेही लक्षात असू द्यावे की घोडे कशासाठी ताजेतवाने करावयाचे आहेत हे त्या सारथ्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या हाताची माया आणि त्याच्या मनातील संध्याकाळ, दोन्ही एकत्र होती. आमच्या तरुणाच्या बाबतीत ही दोन वेगळी पाडली जातात, आणि वेगळी पाडणे हेच शिस्तीचे मुख्य काम असते.

येथवरचा विचार आपण जणू हा तरुण स्वतंत्र देशाचा स्वतंत्र नागरिक आहे असे धरून केला. तो तसा नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला आणि आष्टीला गोळीबार झाला, माणसे मेली, गावांवर लष्कराचा अंमल आला. ही गावे त्याच्या घरापासून काही फार दूर नाहीत. त्याचा एखादा शाळासोबती त्या वेळी तुरुंगात असणे सहज शक्य आहे. त्याच्याच शेजारी त्याच इंजिनावर वाकलेल्या गोऱ्या शिपायाला पगार अधिक होता. १९४३ मध्ये तो बंगालच्या एखाद्या तळावर असता तर तारेच्या कुंपणाबाहेर भुकेने मरणारी माणसे त्याने पाहिली असती, आणि कुंपणाच्या आत त्याला दोन वेळचे जेवण मिळत होते. मग तो तेथे का होता? पुष्कळदा उत्तर एकच: घरी मनिऑर्डर जात होती. यात तुच्छ मानण्यासारखे काही नाही. चार एकर धानावर सात माणसे जगवून ज्याने पाहिले नाही त्याने या उत्तराला हसू नये. आणि दुसरे उत्तरही होते, ते लपविण्याचे कारण नाही: १९४२ च्या एप्रिलात विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले होते. मालक परका असला तरी छप्पर आपलेच होते.

तुरुंगातल्या मित्राने आपला प्रश्न एकदाच सोडविला आणि त्याची किंमत दिली. या तरुणाला तो रोज पहाटे नव्याने सोडवावा लागत होता, किंवा रोज पहाटे नव्याने टाळावा लागत होता. दोघांपैकी कोण श्रेष्ठ हे ठरविण्याचा मोह मी आवरतो. चरित्रे पहिल्याचीच लिहिली जातात, एवढे पुरे.

हा प्रश्न त्याच्या मनात मेला नव्हता, याचा एक पुरावा मात्र इतिहासात आहे. युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपले. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या तळांवर ब्रिटिश हवाई दलाच्या शिपायांनी काम थांबविले, आणि पाहता पाहता हिंदुस्थान, सिलोन व सिंगापूर येथील अनेक तळांवर ती लाट गेली. मागणी साधी होती: लढाई संपली, आता आम्हाला घरी पाठवा. लवकरच हिंदी हवाई दलाच्या शिपायांनीही ठिकठिकाणी काम बंद केले. फेब्रुवारीत मुंबईत नौदलाचे बंड उसळले. वर्षानुवर्षे न चुकता सही करणारी हीच माणसे. त्यांनी विमाने मोडली नाहीत की खोट्या सह्या केल्या नाहीत. कशासाठी, असे विचारले, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हात बाजूला घेतले. कोणी म्हणेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या सुटकेसाठी विचारला, ब्रह्मदेशातील एखाद्या गावासाठी नव्हे. खरे आहे. हिंदी शिपायांच्या तक्रारींतही पगार, अन्न आणि वागणूक हेच विषय होते. तथापि ज्याला स्वतःविषयी ‘कशासाठी’ विचारता येते, त्याला ते दुसऱ्याविषयी विचारता येत नव्हते असे मानण्यास जागा उरत नाही. आणि तो विचार त्याने युद्ध चालू असतानाच का केला नाही, हा आक्षेपही त्यामुळे अधिक टोचू लागतो. या टोचणीवर मला औषध सापडलेले नाही. निष्ठेने काम करणे त्याला भागच होते, कारण वर एक माणूस त्याच्या भरवशावर होता. आणि त्या निष्ठेमुळे खाली दुसरी माणसे मरत होती, हेही खरे होते. एकाच बोल्टने दोन्ही गोष्टी धरून ठेवल्या होत्या. अर्धा बोल्ट आवळता येत नाही.

बिरसीची धावपट्टी युद्धानंतर बराच काळ बांधकाम खात्याच्या ताब्यात राहिली. १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या डिसेंबरात भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडे गेली. पुढे तेथे वैमानिकांना शिकविणारी संस्था निघाली, आणि ज्या जागी एके काळी परक्यांचे युद्ध उतरले होते तेथे विशीतली मुलेमुली उडावयास शिकू लागली. भोवतीचा मुलूख धानाचाच आहे. गोंदियाच्या बांध्यांतून सारसांची जोडी अजून दृष्टीस पडते. शिकाऊ विमान लहान, दोन-चार आसनांचे. ते जसे जाते तसेच येते, जळालेल्या पेट्रोलपुरते काय ते हलके. पण उड्डाणापूर्वीचा विधी जुनाच. टाकीच्या तळाची तोटी दाबून थोडे पेट्रोल एका पारदर्शक नळीत घेतात, ती नळी उजेडापुढे धरतात, आणि तळाशी पाण्याचा थेंब नाही अशी खात्री पटल्यावर वहीत सही करतात.